सहानंतरची बाई

आठ दिवसांसाठी म्हणून सोयगावहून आलेल्या साळूबाईला पुंडलिकनगरात नातू सांभाळता सांभाळता पाचवा महिना लागला. तिकडं म्हातारा स्वतःच भाकरी थापत होता. इकडं लेक-सुनेचं ठरेना, की बाळाला सांभाळायला बाई घरीच राहणारी ठेवायची की जाऊन-येऊन करणारी.

आज हर्सूलची रईसा त्या कामासाठी भेटायला आली. बाळ लगेच तिच्या मांडीवर रमलं.

"सहाला मी निघणार. माझी लेकरं वाट बघतात," तिनं आधीच सांगून टाकलं.

"चालंल की," बद्रीनाथ खुशीत म्हणाला. "सहानंतर आई हायेच."

साळूबाईनं हातातलं दुपटं लेकाच्या खांद्यावर टाकलं.

"बद्री, हर्सूलची बाई सहाला सुटंल. सोयगावची कवा सुटायची, तेवढं आधी ठरव."