उलट्या पावलांचा नाच

छत्तीस वर्षांत मिझुए आईच्या गावी कधी गेली नव्हती, आणि आता गेली तर तिथे एकाही बाईला तोंड नव्हतं. कुणी डोळ्यांपुरती दोन भोकं ठेवलेला काळा बुरखा घातलेला, कुणी नाकापर्यंत वाकवलेली गवती टोपी. रस्त्याच्या मधोमध शेकोट्या, त्यांच्याभोवती लांबच लांब रिंगण, वर मचाणावर ढोलवाले. गाणारे म्हातारे नवराबायकोंबद्दल अशा चावट ओळी म्हणत होते की हसावं की कान झाकावेत कळेना. आणि खाली नाचणाऱ्या बायका मात्र गेलेल्या माणसांसारख्या गप्प. हे लग्न आहे की श्राद्ध, काही उमजायला मार्ग नव्हता.

आणि या बिनतोंडाच्या गर्दीत तिला मावशी शोधायची होती. आता बोला!

आई, हिसानो, वसंतात गेली. शेवटच्या आठवड्यात तिने कपाटातून आपला जुना नाचाचा कपडा काढायला लावला. आज्या-पणज्यांच्या रेशमी किमोनोंचे तुकडे जोडून शिवलेला. "बोनच्या, पितरांच्या सणाच्या दिवसांत हा घालून एकदा रिंगणात नाच," ती म्हणाली. "ताई ओळख देते का बघ." ताई म्हणजे तोशिए, गावातली सगळ्यात देखणी नाचणारी. एकोणीस वर्षांची हिसानो भर रिंगणात उलटी नाचली, लोक हसले, तेव्हा तोशिएने तिला हाताला धरून बाहेर ओढलं होतं. "असं नाचायचं असेल तर आपल्या घरचा कपडा अंगावर घालू नकोस!" दुसऱ्या दिवशी हिसानो पहाटेच्या गाडीने तोक्योला गेली ती गेलीच. पुढे चाळीस वर्षं दोघी बहिणींत फक्त नववर्षाची छापील कार्डं.

कपडे नेसवायला शाळेच्या हॉलमध्ये कुमागाईकाकू होत्या. कपडा उलगडताच त्या म्हणाल्या, "अगं बाई, हा तर ओनोदेरांच्या घरचा! तू कुणाची गं?"

"हिसानोची मुलगी."

काकूंचा पट्टा आवळणारा हात थांबला. "तू आलीयस हे तोशिएला माहीत आहे?"

"आई गेल्याचं पत्र टाकलं होतं. उत्तर नाही आलं. आहेत कुठे त्या?"

"रिंगणात. पण कुठली ते मला विचारू नकोस. टोपीखालचं तोंड आम्ही ओळखत नाही, आणि ओळखलं तरी बोलत नाही. तिला ओळख द्यायची असेल तर कपड्यावरून देईल. नसेल द्यायची, तर टोपी आहेच तिच्या डोक्यावर." मग हळूच म्हणाल्या, "नाच येतो ना?"

"आईने शिकवलाय. स्वयंपाकघरात, तिच्या पाठीमागे उभी करून."

"मग देवच राखो," काकू म्हणाल्या आणि त्यांनी टोपीची गाठ मारली.

असं का म्हणाल्या, ते तिला रिंगणात शिरल्या शिरल्या कळलं. सगळ्या उजवीकडे वळल्या, ही डावीकडे. सगळ्यांचे हात वर, तर हिची कोपरं मागच्या बाईच्या पोटात. सावरायला गेली तर आणखीच गोंधळ. तीस वर्षं अंगात मुरलेला नाच ऐन वेळी कसा बदलणार? काठावरचा एक म्हातारा सोबा शेवयांचा वाडगा हातात धरून खदखदून हसला. "अरे, हिसानो आली की काय!"

मिझुएला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईचं हसं करायला ती आली होती का?

तिच्या पुढे एक ठेंगणी बाई नाचत होती. काय तिचे हात! पाण्यावरून फिरावेत तसे. ते हात एकदम थांबले. बाई मागे वळली आणि तिने मिझुएच्या कपड्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. आता ही आपल्याला हाताला धरून बाहेर काढणार, मिझुएला वाटलं, आणि तिने स्वतःच पाऊल मागे घेतलं.

बाईने तिची बाही धरली, तिला आपल्या शेजारी उभं केलं, आणि ढोलावर थाप पडताच ती डावीकडे वळली. मिझुएसारखीच. सगळं रिंगण एकीकडे आणि या दोघी दुसरीकडे.

काठावरचं हसू विरलं. "तोशिए चुकली?" म्हातारा पुटपुटला. "पन्नास वर्षांत कधी चुकली नाही ती."

टोपीखालून आवाज आला. रिंगणात कुणी बोलत नाही, तरी आला. "समोर उभी करून शिकवलं मी तुला. आरशात बघितल्यासारखं सगळं उलटं घेतलंस. चूक माझी होती, आणि हसले तुला."

मी ती नाही, मावशी, मी मिझुए, असं तिला सांगायचं होतं. मावशीला ते माहीत होतं की नव्हतं, हेच तिला कळेना. पत्र तर पोचलं असणार.

"फार उशीर केलास गं, हिसानो."

मिझुएचे डोळे भरून आले. सगळ्यांनी उजवा पाय टाकला तेव्हा तिने डावा टाकला, आणि शेजारच्या म्हाताऱ्या पायानेही तेच केलं.