सार्जंटचा आशीर्वाद

नववर्षाच्या सकाळी, इटलीतल्या एका पडक्या गोठ्यात, आदेलार बुफार टोपी काढून सार्जंटपुढे गुडघ्यांवर बसला, तेव्हा सार्जंट फिलिआसच्या हातातला चहा मिशांवर सांडला.

"काय रे, काय हरवलंय?"

"आशीर्वाद द्या, सार्जंट."

फिलिआसला उमगलं. तिकडे कॅनडात, क्वेबेकातल्या घराघरांत या सकाळी थोरला मुलगा सगळ्या भावंडांच्या वतीनं बापापुढे गुडघे टेकतो. तोवर कुणी चमचा उचलत नाही. बुफारांच्या घरातला थोरला इथे, बाप समुद्रापार. मागच्या वर्षी इंग्लंडच्या छावणीत आदेलारनं हे टाळलं होतं आणि वर्षभर भोगलं होतं: गळवं उठली, खेचर चावलं, बटाट्याबरोबर अंगठाही सोलला गेला. आज तर ओढ्यापलीकडच्या चौकीवर रसद न्यायची होती, आणि ओढ्यावर जर्मनांची नजर होती.

"पाद्रीबाबांना गाठ."

"त्यांना कावीळ झालीय."

"मग कॅप्टनसाहेब?"

"ते माझ्याहून लहान आहेत हो!"

"अरे, माझं साधं लग्नही नाही झालं! आणि माझं हे तोंड..."

तोंडाचीच तर पंचाईत होती. त्यांच्या मुलखात शिव्या द्यायच्या त्या चर्चमधल्या चीजवस्तूंवरून, आणि फिलिआसच्या तोंडात तर अख्खं चर्च बिऱ्हाडाला होतं.

"द्या की," कोपऱ्यातून आदेलारचा दोस्त रोझेर म्हणाला. "एवढं एक वाक्य शिवीवाचून जमेल."

"गप रे, मेणबत्तीच्या!"

"हे बघा, झालं सुरू."

सार्जंटनं पँटीला हात पुसला आणि आदेलारच्या डोक्यावर हलकेच ठेवला, अंड्यावर ठेवावा तसा. "देव तुझं... तुझ्या भावंडांचं..."

वरून तोफगोळ्याची शिट्टी आली. त्या हातानंच आदेलारला खाली दाबलं, आणि दोघं शेणात पालथे झाले.

"प्याला! धूपदान! सगळी वेदी!"

धूळ बसली. भिंतीला उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर भगदाड पडलं होतं. हात अजून डोक्यावरच होता.

"आमेन," आदेलार म्हणाला.

"हा धरायचा नाही. वाया गेला."

"वाया कसा? आमचे बाबा असाच देतात. मध्येच खिडकीतून घोडी दिसते त्यांना, कुंपण मोडताना."

आदेलार खेचर घेऊन गेला. जाताना ओढा गार होता, येताना जरा जास्तच गार. पण शेतं ओलांडून तो वर आला तेव्हा त्याला भगदाडात एक मिशाळ डोकं दिसलं. गावाकडे बापही असाच खिडकीत उभा राही, आणि विचारलं तर म्हणे, हवा बघतोय.

"हवा बघत होतो," सार्जंट खेकसला. "उशीर केलास, मेणबत्तीच्या, धूपदानाच्या..." तिसऱ्या वस्तूऐवजी त्यानं आदेलारच्या हातात गरम चहा दिला.

मागे रोझेरनं टोपी काढली होती. त्याच्या मागे सगळी तुकडी गुडघ्यांवर.

"सार्जंट, आमचं राहिलंच की!"