तिसऱ्या कढईतले अश्रू

"आले! आले! आईच्या डोळ्यांत अश्रू आले!"

पहिल्या बाकावरची म्हातारी किंचाळली आणि अख्खं चर्च धपाधप गुडघ्यांवर आलं. मागचे पुढच्यांच्या पाठीवर आणि पुढचे थेट पायरीवर. कुणी हुंदके देतंय, कुणी जपमाळ कपाळाला घासतंय, कुणी नुसतंच "आई, आई" करतंय. समोर मरियामातेची माणसाएवढी प्लास्टरची मूर्ती होती. निळा झगा, किंचित कललेली मान. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यांत पाणी दाटलं, थेंब गालावर घरंगळला आणि मेणबत्त्यांच्या उजेडात चमचमला.

थोरलीही गुडघ्यांवर होती, पण तिची नजर होती धाकट्या बहिणीवर. आईच्या मांडीवर बसलेली सहा वर्षांची धाकटी मधेच एकटक कुठेतरी बघायची, पापण्या फडफडवायची आणि पुन्हा भानावर यायची. आज सकाळपासून पाचवी वेळ. तिची गोळी बंद होऊन आज अकरावा दिवस होता.

"रडतेय रे माझी माउली!" साक्षीदार हात पसरून म्हणाला. त्याला सगळे साक्षीदार म्हणत, कारण पहिला अश्रू त्यानेच पाहिला होता. त्या वेळी चर्चमध्ये दुसरं कुणीच नव्हतं, हे मात्र कुणी लक्षात घेत नसे. "कुणासाठी रडतेय? तुमच्यासाठी! स्वर्गातल्या आईला भूक कशाची? उजेडाची! लावा मेणबत्त्या, अगदी तिच्या चेहऱ्यासमोर लावा! पण बोट लावायचं नाही हं. माणसाचं बोट लागलं की कृपा आटते!"

त्यासाठी त्याने खास लोखंडी घोडी करून घेतली होती, मूर्तीच्या छातीइतकी उंच. तीवर एकावेळी साठ मेणबत्त्या पेटत. अश्रू हनुवटीपर्यंत पोचायच्या आत हा पठ्ठ्या कापसाने टिपून घ्यायचा. तो कापूस चिमुकल्या डबीत जायचा आणि डबी देणगी देणाऱ्याच्या हातात.

पायरीखाली एक मोठी टोपली होती. "दोन आयांचं औषध एका लेकराला चालत नाही," असं साक्षीदार सांगे. "खरा विश्वास असेल तर जुना आधार इथे टाका." लोकांनी टाकला होता. गोळ्यांची पाकिटं, इन्हेलर, गुडघ्याचे पट्टे, एका आजोबांचा जाड भिंगांचा चष्मासुद्धा. त्या ढिगात कुठेतरी धाकटीच्या फिटच्या गोळ्या होत्या. आईने स्वतःच्या हाताने टाकलेल्या.

फादर म्हातारे होते आणि सावध. त्यांनी बिशपांच्या कचेरीला तीन पत्रं पाठवली होती आणि उत्तर येईपर्यंत ते 'हो'ही म्हणत नव्हते आणि 'नाही'ही.

*

"आई, डॉक्टरबाई म्हणाल्या, ही गोळी अशी एकदम बंद करायची नसते. जीवावर बेततं."

"तू त्यांच्याकडे गेलीस? मला न विचारता?" आईने डबा बंद केला. कामावर जायची वेळ झाली होती. आई मेणबत्तीच्या कारखान्यात होती, बारा वर्षं. तिथे तीन मोठ्या कढया होत्या आणि तिन्हींचं मेण वेगळं. माल ओतायला तयार झाला की नाही, हे सांगायला कारखान्यात तापमापकाचा काटा होता, पण मालकही आधी आईलाच हाक मारायचा. ती काडीवर थेंबभर घ्यायची, अंगठा आणि बोटात चोळायची आणि सांगायची. काटा चुकायचा, आई नाही.

"अगं, अश्रू बघितलास ना काल? दार उघडलं, वाऱ्याने निम्म्या मेणबत्त्या विझल्या, तर अश्रू गालावरच थांबला. पांढरा पडला. रडणारं माणूस असं मधेच गोठतं का?"

"साक्षीदार म्हणाला ना, कुणीतरी संशयी आत आलं होतं म्हणून."

"म्हणजे वाहिला तरी चमत्कार, थांबला तरी चमत्कार! बरं आहे की त्याचं!"

"तोंड आवर!" आई ओरडली. मग एकदम खालीच बसली. "मी काय करू गं? तुझे बाबा गेले, तेव्हाही सगळे म्हणत होते, औषध चालू ठेवा. ठेवलं की. काय झालं? तीन वर्षं हिला गोळ्या देतेय. डॉक्टर म्हणतात, कदाचित आयुष्यभर लागतील. आयुष्यभर मी कुठे असणार आहे? तिथे वर एक आई आहे, जी कधी मरत नाही. तिच्याकडे नको मागू, तर कुणाकडे मागू?"

थोरलीला एरवी प्रत्येक गोष्टीवर उत्तर सुचायचं. वर्गात तर बाई म्हणायच्या, "तू जरा दुसऱ्यांनाही बोलू दे."  आता तिने फक्त आईच्या हातात पाण्याचा पेला दिला.

*

रविवारी धाकटी चर्चमध्येच पडली.

मेणबत्त्या पेटल्या होत्या, अश्रू नुकते दाटले होते, आणि बाकावरून धप्प आवाज आला. अंग ताठ, डोळे वर, मग हातपायांना झटके. बाकं सरकली. लोक मागे झाले.

"कुणी शिवू नका!" साक्षीदाराचा आवाज टिपेला गेला. "आत जे आहे ते बाहेर पडतंय! आई बाहेर काढतेय! मेणबत्त्या लावा!"

थोरली केव्हाच जमिनीवर बसली होती. तिने बहिणीला कुशीवर केलं, डोक्याखाली स्वेटर सारला, भिंतीवरचं घड्याळ बघितलं. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, आणि पाच मिनिटं झाली की उचलायचं आणि पळायचं.

एक मिनिट. दोन.

"आई, चल! दवाखाना पुढच्याच गल्लीत आहे!"

आई हलेना. हात जोडून ती मूर्तीकडेच बघत होती. तिचे ओठ भराभर हलत होते. "नमो मरिया, नमो मरिया, माझं लेकरू, नमो मरिया..."

तीन मिनिटं. थोरलीने धाकटीला उचलायचा प्रयत्न केला. झटके खाणारं अंग तिला एकटीला पेलेना. मदतीला कुणी पुढे येईना. फादर दाटीतून वाट काढत होते, पण ते अजून दाराशीच.

मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक. ती उठली, पायरी चढली, साक्षीदाराच्या काखेखालून घुसली आणि मरियामातेच्या गालावरून सरळ बोट फिरवलं.

"पापिणी!" साक्षीदार गरजला.

ती आईसमोर येऊन उभी राहिली. आईचे जोडलेले हात तिने सोडवले आणि तो थेंब आईच्या अंगठ्यावर पुसला.

"आई, माल बघ. तयार आहे का, एवढंच सांग."

आईचं लक्ष नव्हतंच. पण बारा वर्षांची सवय. अंगठा बोटावर फिरला. एकदा. दोनदा. थेंब बोटातच घट्ट होऊन पांढरा झाला. आईचे ओठ थांबले. तिने बोट नाकाशी नेलं.

"तिसरी कढई," ती पुटपुटली. मग मान वळवली. "तिसऱ्या कढईचा मऊ माल आहे हा! काचेच्या पेल्यांत ओततो तो! तू खोकी भरायला होतास आमच्याकडे, तेव्हा टाचांच्या भेगांना लावतो म्हणून डबाभर मागून नेलास माझ्याकडून! मी दिला रे तुला! माझ्या हातांनी दिला!"

साक्षीदार कापसाची डबी खिशात कोंबत मागे सरकला.

आई थांबली नाही. तिने धाकटीला उचललं आणि धावली. पुढे फादर झगा सावरत गर्दी बाजूला करत होते, मागे थोरली मिनिटं मोजून ओरडत होती.

*

सहाव्या मिनिटाला इंजेक्शन मिळालं आणि झटके थांबले. धाकटी दोन दिवस दवाखान्यात होती. पहिल्या दिवशी तर तिला थोरलीचं नावही आठवेना. डॉक्टरबाई आईवर रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आणखी थोडा उशीर झाला असता, तर मी काही करू शकले नसते." ते रागावण्यापेक्षा वाईट होतं.

पुढच्या रविवारी फादरांनी मूर्तीजवळ शिडी लावली आणि सगळ्यांना दाखवलं. दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यांत चण्याएवढे खड्डे कोरलेले होते. त्यात मऊ मेण भरायचं आणि वर रंगाचा हात. साठ मेणबत्त्यांची धग चेहऱ्याला लागली की ते वितळून ओघळायचं. साक्षीदार सोमवारीच गाव सोडून पसार झाला होता.

तरी एकजण म्हणालाच, "पण कशावरून? तेव्हा खरे अश्रू असतील, मेण नंतर कुणी घातलं असेल."

"थांबा," थोरली म्हणाली. तिने पिशवीतून घरची प्लास्टरची मांजर काढली, धाकटीचे सुट्टे पैसे ठेवायची. तिचे डोळे घरीच कोरून भरून आणले होते. मेणबत्त्यांसमोर मांजर ठेवली. चार मिनिटांत मांजर ढसाढसा रडायला लागली.

"हिला नवस बोलायचा असेल त्यांनी डावीकडे रांग लावा," थोरली म्हणाली. "मागच्या महिन्यात हिच्या पोटातले पैसे मी उसने घेतले होते, त्याचं दुःख असेल."

लोक हसले, आणि हसता हसता काहीजण रडलेही.

मग आई उठली. ती चर्चमध्ये कधी बोलली नव्हती.

"मी स्वर्गातल्या आईकडे रोज मागते. पुढेही मागीन," ती म्हणाली. "पण मला एवढं कळायला हवं होतं, की आईला बोट लावलं तर ती आटत नाही. लेकरू आईला शिवतंच की. शिवू नका, विचारू नका, औषध टाका, असं जो सांगतो, तो तिच्याकडचा नाही. मी बारा वर्षं मेण चोळून पारखते, आणि या एकाच मेणाला बोट लावलं नाही. तुम्ही लावा. आधी हात लावा, आधी विचारा, डॉक्टरांना विचारा, शाळेतल्या पोरीला विचारा. विचारल्याने जो विश्वास मोडतो, तो मोडू द्या."

'आमेन' म्हणायलाही कुणी थांबलं नाही. सगळे टोपलीकडे वळले. आपापली पाकिटं शोधताना डोक्याला डोकी लागली. आजोबांना चष्मा सापडला. तो पुसून त्यांनी नाकावर चढवला आणि महिन्याभराने पहिल्यांदा मूर्तीकडे नीट पाहिलं.

"अरेच्चा," ते म्हणाले, "ही तर हसतेय!"

घरी आल्यावर आईने पेल्यात पाणी घेतलं, गोळी तळहातावर ठेवली आणि सवयीने 'नमो मरिया' सुरू केलं.

"आई," धाकटी म्हणाली, "आधी गोळी की आधी प्रार्थना?"

आईने थोरलीकडे पाहिलं.

"आधी गोळी," आई म्हणाली. "वरची आई थांबेल. तिला घाई नाही."