उतरल्या पाण्यातली वाट

बोट शिकवायला आलेले साहेब आमच्या गावात एकूण दोन तास थांबले. त्यातला एक तास हार-नारळात गेला. उरलेल्या तासात त्यांनी मोटर सुरू कशी करायची ते दाखवलं, बंद कशी करायची ते दाखवलं, इंग्रजीतली पुस्तिका हातात दिली आणि मेहकरला जेवायला निघून गेले. बाकीचं पाण्यानं शिकवलं. म्हणून हे लिहून ठेवतो. मी विहिरीतल्या मोटरी दुरुस्त करणारा माणूस, नववी नापास. माझं शुद्धलेखन ज्याला तपासायचं असेल त्यानं आधी ही बोट एकदा पलीकडे नेऊन दाखवावी.

आमचं जुनं गाव पस्तीस वर्षांपूर्वी धरणात गेलं. नवं गाव अलीकडच्या माळावर बसवलं. शेतं मात्र पलीकडे राहिली, आणि शेतांच्या मागे साठ घरांची वस्ती. शाळा, दवाखाना, एसटीचा थांबा, सगळं अलीकडे. पाण्यावरून अंतर दीड किलोमीटर, रस्त्यानं एकोणीस. लोक ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून ये-जा करायचे. दोन वर्षांमागं एक बाळंतीण रस्त्यातच अडली, पेपरात फोटो आला, मग सरकारला बोट आठवली.

बोट सहा माणसांची, मागं मोटर लावलेली. चालक एकच नेमायचा होता, शिकवलं दोघांना. एक शिवम, सरपंच निवृत्तीभाऊंचा पुतण्या. दुसरी माझी पोरगी समता. समतानं बुलढाण्याला आयटीआय केलं, डिझेल मेकॅनिक. तीन वर्षं गॅरेजांचे उंबरे झिजवले. एकानं सरळ हातात झाडू दिला, म्हणे आधी हे कर, मग पाहू. आता ही जागा मिळाली नाही तर ती पुण्याला कंपनीत खोकी भरायला जाणार होती, मैत्रिणीशी बोलणं झालं होतं. पोरीला इंजिनाचा आवाज ऐकून आजार कळतो आणि ती खोकी भरणार. मला रात्री जेवण जात नव्हतं.

नेमणूक कशी, तर एप्रिलमध्ये तेच साहेब पुन्हा येऊन स्वतः बोटीत बसणार, दोघांनी एकेक फेरी मारून दाखवायची, मग ते ठरवणार.

आता नीट ऐका, कारण चूक इथंच झाली. बोट आली दिवाळीनंतर. तेव्हा धरण काठोकाठ. जुन्या गावावर दोन पुरुष पाणी. शिवम सरळ नाकासमोर बोट काढायचा आणि सहा मिनिटांत पलीकडे. दोघंही त्याच रेषेत शिकले. होळीपर्यंत पाणी कालव्यांनी ओढून नेलं. वरून काही दिसत नाही, पाणी तसंच निळं आणि सपाट. ज्यानं भरल्या पाण्यात बोट शिकली, तो उतरल्या पाण्यात पुन्हा नवशिका असतो. हे त्या पुस्तिकेत असेलही. इंग्रजीत.

माझी आई सिंधूताई रोज काठावर कपडे धुते. वय अडुसष्ट. एक दिवस तिनं समताला हाक मारली.

"अवं, तू कुठून जाऊन राह्यली, माईत आहे का तुले?"

"सरळ जातो ना आजी."

"सरळ म्हणजे गावावरून. पाण्याखाली घरं हायेत. जोते हायेत. पाराचा ओटा आहे. पाणी पाह्य किती खाली गेलं!"

"मग कुठून जाऊ?"

"मले बसव अन् बांबू घे एक."

आई बोटीत बसली ती पहिल्यांदा. हातानं दोन्ही बाजू घट्ट धरलेल्या, पण डोळे काठावर. ही टेकडी, तो विजेचा टॉवर, त्या दोन्हींच्या मधे धर, आता डावीकडे घे. असं करत तिनं समताला गावाला मोठा वळसा घालून नाल्यात नेलं. नाल्यात बांबू टेकलाच नाही. मग गावावर नेऊन बांबू टाकायला लावला. पारावर कमरेइतकं पाणी.

"ही आमची पांदण," आई म्हणाली. "नाल्याच्या काठाकाठानं. घागरी घेऊन इथूनच जायचो."

"गावातून रस्ता होता ना सरळ?"

"पारावर माणसं बसत. आमी घागर घेऊन समोरून गेलो का इटाळ होये त्याइले. खेटर हातात घ्या, खाली पाह्या. त्यापरीस नाला बरा."

हे आईनं असं सांगितलं जसं भाजीत मीठ कमी पडल्याचं सांगावं. राग मला आला, तिला नाही. पण गोष्ट कामाची होती. गावातली उंच जागा त्यांची होती, खोलगट जागा आमची. पाणी उतरल्यावर बोटीला खोलगट जागाच लागते. समता महिनाभर त्याच वाटेनं फिरली. नऊ मिनिटं लागायची.

आणि तिनं शिवमला सांगितलंही. मी म्हणालो होतो, काऊन सांगते? ती म्हणाली, "बाबा, उद्या त्याच्या बोटीत लोक बसले तर?" त्याला गाठून ती म्हणाली, "शिवम, पाणी उतरलं. पारावरून नको जाऊ."

शिवम हसला. "तू जाय आपल्या पांदणीनं. तितक्या लांबून नेशीन तर साहेब झोपून जाईन बोटीत."

तपासणीच्या दिवशी सकाळी काठावर मांडव. बोटीला झेंडूचा हार, मोटरीला हळद-कुंकू. साहेब मोठे म्हणून बोटीत पुढच्या बाजूला प्लास्टिकची खुर्ची ठेवली, वर टर्किशचा टॉवेल. बोटीत खुर्ची! लग्नात नवरदेवाला ठेवतात तशी. समता म्हणाली, साहेबांना खाली मधे बसवा, वजन खाली राहू द्या. निवृत्तीभाऊ म्हणाले, "साह्येबाले खाली बसवतं काय वं?"

लाइफ जॅकेट सहा होती. सहाही प्लास्टिकच्या पिशवीतच. मळू नयेत म्हणून सहा महिन्यांत कोणी पिशवी फोडली नव्हती. समतानं आपलं काढून घातलं, मलाही घालायला लावलं. साहेबांना दिलं तर ते म्हणाले, राहू द्या, गरम होतंय.

शेवटची गोष्ट लाल दोरी. मोटरीला एक लाल दोरी येते, तिचं एक टोक मोटरीच्या बटणात असतं, दुसरं चालकाच्या मनगटात घालायचं. चालक पडला की दोरी निघते, मोटर बंद. मोटरीचा पाण्यातला पंखा कोणाला कापत नाही. शिवमला फोटोसाठी उभं राहायची सवय. उभा राहिला की दोरी ओढली जायची आणि मोटर बंद पडायची. दोनदा लोक हसले. म्हणून त्यानं ती दोरी पूजेच्या नाड्यानं मोटरीलाच बांधून टाकली होती. मोटरीची दोरी मोटरीला! मी ते पाहिलं. मेकॅनिक म्हणून मला अवजारांसकट बोटीत बसवलं होतं, आणि मी बोललो नाही. पोरीच्या विरोधकाला कायले शिकवा, असं माझ्या मनात आलं. ही माझी चूक, लिहून ठेवतो.

पहिली फेरी शिवमची. बोटीत साहेब खुर्चीवर, निवृत्तीभाऊ, ग्रामसेवक, समता, मी. शिवम मागं मोटर वळवायच्या दांड्याजवळ उभा, पांढरा शर्ट, काळा चष्मा. काठावर कोणी मोबाईल धरला तसा त्यानं वेग वाढवला. बोट सरळ गावावरून निघाली.

"शिवम, कमी कर," समता म्हणाली.

"घाबरली का?"

तेवढ्यात खालून दणका बसला. मोटर उसळून वर आली आणि पुन्हा पाण्यात आदळली. खुर्ची आडवी झाली, साहेब ग्रामसेवकाच्या मांडीवर. शिवम मागच्या मागं पाण्यात. दांडा एका बाजूला फिरला आणि रिकामी मोटर बोटीला गोल गोल नेऊ लागली.

शिवम बुडाला नाही. तो उभा होता. धरणाच्या मधोमध, मांडीइतक्या पाण्यात, आपल्या आजोबाच्या पाराच्या ओट्यावर. एक पाऊल इकडे-तिकडे गेला तर खोल. आणि बोट त्याच्याभोवती फिरत होती, पंखा चालूच, दर फेरीला हातभर जवळ.

"काका! मले पोयता येत नाही, काका!"

बोट चालवायला निघालेला माणूस, पोहता येत नाही! आणि हे सहा महिन्यांत कोणी विचारलं नव्हतं.

निवृत्तीभाऊ उठायला लागले. समता ओरडली, "बसा! कोणी उठू नका! बाबा, त्याइले धरा!" मी त्यांच्या कमरेला मिठी मारली. समता पोटावर सरकत मागं गेली, नाड्याची गाठ सोडत बसली नाही, लाल दोरी धरून जोरात हिसडली. नाडा तुटला, मोटर बंद पडली. बोट शिवमपासून दोन हातांवर जाऊन थांबली.



समतानं वल्हं काढलं, बोट हळू हळू ओट्याला लावली. "बाजूनं नको चढू, बोट कलंडते. मागून ये. मोटरीवर पाय नको ठेवू." शिवम वर आला आणि तळाशी पडून राहिला. चष्मा गेला होता.

साहेबांनी दोन्ही हातांनी बोटीची कड धरली होती. "ही बोट बंद करा," ते म्हणाले. "मी तसंच लिहिणार आहे. जवळचा काठ कुठला? तिथं उतरवा मला."

समताचा चेहरा मी पाहिला. तिची जागा तर गेलीच, साठ घरांची बोटही चालली. मी म्हटलं आता रडते. ती म्हणाली, "जवळचा काठ पलीकडचा, साहेब. आधी जॅकेट घाला."

पिशव्या आम्ही दातांनी फोडल्या. खुर्ची उलटी करून तळाला टाकली. वजन दोन्हीकडे सारखं बसवलं. मी मोटर वर उचलून पंखा पाहिला, एका पात्याचा टवका उडाला होता, बाकी ठीक. समतानं दोरी मनगटात घातली, वल्ह्यानं बोट गावावरून मागं काढली, खोल पाण्यात आल्यावरच मोटर सुरू केली.

"काठ समोर आहे, तू डावीकडे कुठं चालली?" साहेब म्हणाले.

"वाटेनं."

पलीकडे उतरल्यावर साहेबांनी जीप बोलावली. ड्रायव्हरनं फोनवर सांगितलं, एकोणीस किलोमीटर आहे, मधला पूल फुटलाय, दीड तास लागेल. साहेब बाभळीखाली बसले. ऊन तापत होतं. वस्तीतल्या दोन बाया पिशव्या घेऊन बोटीसाठी थांबल्या होत्या, एकीच्या कडेवर तापानं फणफणलेली नात. तिनं साहेबांना विचारलं, "बोट जाते ना हो आज?" वीस मिनिटांनी ते स्वतः उठले आणि बोटीत जाऊन तळाशी, मधे बसले. जॅकेटचा पट्टा स्वतः आवळला.

निवृत्तीभाऊ आणि शिवम म्हणाले आम्ही जीपनंच येतो. त्यांच्या जागी त्या दोन बाया बसल्या, नात आजीच्या मांडीवर.

परत येताना समतानं मोटर कुठंच ताणली नाही. टेकडी, टॉवर, मधली रेषा. साहेबांनी विचारलं, "ही वाट कोणी काढून दिली?"

"आजीनं. जुन्या गावात पाण्याले इथून जात."

"इतक्या लांबून का?"

"गावातून जाऊ देत नव्हते."

साहेबांनी मोबाईल काढला आणि पाहत बसले. तिथं रेंज नाही. नऊ मिनिटांनी बोट काठाला लागली, दणका न बसता.

आठवड्यानं कागद आला. बोट चालू राहील, चालक म्हणून समता प्रेमानंद यांची नेमणूक. प्रेमानंद म्हणजे मीच. पुण्याच्या मैत्रिणीला तिनं त्याच दिवशी फोन करून टाकला. कागदात खाली आणखी एक ओळ होती: ग्रामपंचायतीनं पाहणी करून सुरक्षित मार्ग निश्चित केला आहे. ग्रामपंचायतीनं! बांबू धरून बसलेल्या बाईचं नाव कुठंच नाही. मी तो कागद घेऊन मेहकरला भांडायला निघालो होतो. आई म्हणाली, "भांडजो मंग. आधी डबे बांध." मी आणि समतानं तेलाचे रिकामे डबे दगडांना बांधून नाल्याच्या वाटेवर सोडले. आता ती वाट काठावरून दिसते. शिवमही तिथं पोहायला शिकतो, समता शिकवते. कंबरेला ट्यूब बांधून. भांडायला मात्र मी जाणारच आहे.

परवा निवृत्तीभाऊंची आई, झुंबरबाई, पलीकडच्या शेतात जायला आली. वय ऐंशीच्या पुढं. आमची आई आधीच बोटीत होती. आई सरकली, झुंबरबाई शेजारी बसली. बोट वळली तशी ती कुरकुरली.

"काऊन वं पोरी, इतक्या लांबून? आमच्या घरावरून ने ना, पटकन जाशीन."

"तिकून रस्ता नाही, आजी."

झुंबरबाई डब्यांच्या रांगेकडे पाहत राहिली. मग आईला म्हणाली, "सिंधू, इकून पांदण होती? म्या तं कधी पाह्यलीच नाही."

"तुमाले काम कायले पडते इकडं?" आई म्हणाली.

झुंबरबाई नीट पाहायला उठू लागली. समतानं दांडा सोडला नाही, मागं वळूनही पाहिलं नाही.

"खाली बसा, आजी. दोघीही. उतरल्यावर बोला."