देल्मीराआत्याचं प्लास्टरचं अंडं

माझ्या देल्मीराआत्याच्या हातच्या वस्तूला पासो देल ताला या आमच्या गावात तोवर कुणी नको म्हटलं नव्हतं. ईस्टरला तिची साखरेच्या नक्षीची चॉकलेटची अंडी घ्यायला आसपासच्या गावांतून माणसं यायची. एका वर्षी तर अंडी संपतील या धास्तीने पाद्रीबाबांनी प्रवचन निम्म्यात आटोपलं होतं. त्यामुळे आत्याला आयुष्यातला पहिला नकार मिळाला आणि तोही एका पाखराकडून, तेव्हा आमच्या बेकरीत जो गोंधळ उडाला त्याला तोड नाही.

ऑक्टोबर होता, म्हणजे आमच्याकडचा वसंत, झाडं नुकती पालवली होती. ला प्लाताच्या विद्यापीठातली खिमेना नावाची एक किडकिडीत मुलगी गावात राहायला आली होती. ती कलांद्रिया आणि तोर्दो या दोन पक्ष्यांचा अभ्यास करायची. तोर्दोची मादी स्वतः घरटं बांधत नाही. कलांद्रियाच्या घरट्यात अंडं टाकते आणि निघून जाते, पोर वाढवायचं दुसरीने. कोणतं अंडं कलांद्रिया ठेवून घेते आणि कोणतं फेकते, हे बघायला खिमेना प्लास्टरची नकली अंडी घरट्यात ठेवायची. बसमध्ये तिच्या डब्यावर कुणीतरी भोपळा ठेवला आणि सगळ्या अंड्यांचा चुरा झाला. रडवेली होऊन ती बेकरीत आली, तेव्हा आत्याने तिच्या तोंडात आल्फाहोर, म्हणजे गोड सारणाचं एक जोडबिस्किट, कोंबलं आणि म्हणाली, "अंडीच ना? अगं, माझा जन्म गेला त्यात."

पहिलं अंडं आत्याने पांढरंशुभ्र केलं. असं गुळगुळीत की चाटावंसं वाटावं. बेकरीच्या मागच्या अंगणात तालाच्या काटेरी झाडावर कलांद्रियाचं घरटं होतंच. खिमेनाने शिडी लावून अंडं आत ठेवलं.

तासाभराने समोरचा एवारिस्तो लोहार दुकानात आला. बायको वारल्यापासून हा माणूस रोज सकाळी पाव न्यायला यायचा आणि रोज त्या पावाला नावं ठेवायचा. त्याने काउंटरवर काहीतरी ठक्कन ठेवलं. "देल्मीरा, तुझा माल परत आलाय. गिऱ्हाइकाला पसंत नाही."

आत्याचं पांढरं अंडं! तो मागच्या वाटेने येत असताना ते थेट त्याच्या टोपीवर पडलं होतं.

"मावशी, हे असंच व्हायला हवं होतं!" खिमेना आनंदाने टाळ्या पिटत होती. "तोर्दोची काही अंडी पांढरी असतात, काही ठिपक्यांची. पांढरं कलांद्रिया बरोब्बर ओळखते आणि फेकते. ठिपक्यांचं मात्र तिच्या स्वतःच्या अंड्यांसारखं दिसतं, म्हणून ती फसते. तुमचं अंडं उत्तम होतं, म्हणूनच तर फेकलं!"

"उत्तम होतं म्हणून फेकलं," आत्या सावकाश म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "नोएमी, ऐकलंस का? या पोरीला शहरात हे शिकवतात."

"फेकणारच ती," एवारिस्तोने आगीत तेल ओतलं. "मीसुद्धा तुझा पाव फेकलाच असता, पण दात पडलेत, म्हणून मऊ गिळावं लागतं."

झालं. आत्याने एप्रन झटकला, काउंटर माझ्यावर टाकला आणि भट्टीमागच्या टेबलावर ठाण मांडलं. दिवसभर शिडीवर चढायची, एवारिस्तोने वेल्डिंग करून दिलेल्या लांब दांडीच्या आरशात खरी अंडी न्याहाळायची, उतरायची आणि रंग कालवायची. कॉफी, बीट, पालकाचा रस, जे हाताला लागेल ते. त्या आठवड्यात आमच्या केकवर निळसर हिरवे डाग दिसले तर गिऱ्हाइकं मुकाट्याने घेऊन जायची, कारण आत्याला विचारायची छाती कुणाला होती?

दुसरं अंडं ठिपक्यांचं झालं, पण हात सवयीने वळला आणि ठिपक्यांची फुलं झाली.

"आत्या, यावर गुलाब आहे," मी म्हटलं.

"मग? कलांद्रियाला गुलाब आवडत नाहीत?"

नाही आवडले. तेही बाहेर. एवारिस्तो दुसऱ्या दिवसापासून डोक्यावर लोखंडी टोप घालून पाव न्यायला येऊ लागला आणि दारातूनच विचारायचा, "आज वरून काय पडणार?"

तिसरं अंडं मात्र असं उतरलं की खिमेना ते हातात घेऊन उलटसुलट बघतच राहिली. फिकट पांढऱ्यावर विटकरी ठिपके, जाड टोकाकडे दाट, कुठे अर्धवट पुसलेले. दुपारी ते घरट्यात गेलं. आम्ही सगळे खिडकीला नाक लावून उभे. कलांद्रिया आली, मान वाकडी करून बघितलं, चोचीने जरा हलवलं... आणि बसली. पंख पसरून, डोळे मिटून, चक्क बसली!

आत्याने एवारिस्तोच्या टोपावर लाटणं बडवलं. "बसली! बघ, म्हाताऱ्या, बसली!"

खरी गंमत झाली ती दुसऱ्या दिवशी पहाटे. भट्टी पेटलेली, पावाची पहिली खेप आत गेलेली, अंड्याच्या पांढऱ्याच्या गोड फेसाचा ट्रे खिडकीखाली अंगणात गार करायला ठेवलेला. एवढ्यात खिमेना दबक्या आवाजात ओरडली, "आली! तोर्दो!"

मातकट रंगाची, साधीसुधी दिसणारी पाखरीण. कलांद्रिया दाणे टिपायला गेली होती तेवढ्यात ही घरट्याच्या काठावर उतरली आणि आतली अंडी फोडायला त्यांवर चोच मारू लागली. टक. मग पुन्हा टक, टक, टक, एकाच जागी. मध्येच थांबली, डोकं झटकलं, जणू दात दुखावा.

"माझं आहे ते!" आत्या आनंदाने थरथरत होती. "मार अजून! मार की!"

तेवढ्यात कलांद्रिया परतली आणि तिच्यावर तुटून पडली. पिसं उडाली, मार बसत होता, तरी तोर्दो हलेना. काठावर उभ्या उभ्याच तिने मागचा भाग उचलला आणि वरून अंडं टाकलं. खाली आवाज झाला तो आम्हाला खिडकीत ऐकू आला. मग ती पसार.

शिडी, आरसा, धावपळ. वर चढलेली खिमेना किंचाळली, "फुटलं नाही! मावशी, प्लास्टरवर पडलं आणि फुटलं नाही! त्यांचं कवच जाड असतं, सगळ्यांत जाड!" खाली उतरून तिने आनंदाने एवारिस्तोला मिठी मारली. तो मागे सरकत खिडकीपाशी गेला, तोल गेला आणि फेसाच्या ट्रेमध्ये सपशेल बसला.

"आता नकली अंडं काढून घ्यायला हवं," खिमेना डोळे पुसत म्हणाली. "पण मावशी, कलांद्रियाची अंडी मोठी, ती कळतात; ठिपक्यांची ही दोन छोटी मात्र अगदी सारखी आहेत. तुमचं कोणतं?"

"म्हणजे काय? बाजूला हो." आत्या दिमाखात शिडी चढली. आरसा धरला. बराच वेळ धरला. "डावीकडचं," ती म्हणाली. "ही कलाकुसर कुणाची ते आंधळ्यालाही कळेल. मधला ठिपका बघा, जीव ओतलाय मी त्यात!"

आत्याने हलकेच खाली दिलेलं ते अंडं खिमेनाने कानाशी धरलं, नखाने हळूच वाजवलं आणि तिचा चेहरा हसू दाबून लाल झाला. "मावशी... हे तोर्दोचं आहे."

मग शिडीवरून पहिलं हसू फुटलं ते आत्याचंच. ती हसत हसत एकेक पायरी उतरली, जमिनीवर बसली, एप्रन तोंडाशी धरला आणि गदगदून हसत राहिली. "फसले! माझ्याच अंड्याला मी फसले! मग त्या बिचाऱ्या कलांद्रियाचा काय दोष?"

एवारिस्तो तिच्यासमोर उभा होता, विजार फेसाने पांढरी झालेली. "देल्मीरा," तो म्हणाला, "तुझी वस्तू तुलाच ओळखता येत नाही. घरात कुणीतरी माणूस पाहिजे तुला. मी आहे की मोकळा."

आत्याने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "दहा वर्षं पावाला नावं ठेवलीस ती याच्यासाठी?"

"मग काय! पाव चांगला आहे म्हटलं असतं तर तू माझ्याशी भांडली असतीस का रोज?"

"आधी विजार बदल," आत्या म्हणाली. "मग बघू."

धूर आम्हाला तेव्हा दिसला. पावाची अख्खी खेप कोळसा झाली होती. दारात गिऱ्हाइकं थांबलेली, आणि आत्या आयुष्यात पहिल्यांदा करपलेला पाव लोकांना आटीव गोड दूध फासून फुकट वाटत होती. "खा, खा, आज सगळं फसलंय!" खिमेना रेडिओ मोठा करून टपालवाल्याबरोबर नाचत होती, पाद्रीबाबा दोन्ही गालांत पाव भरून टाळ्या वाजवत होते.

तोर्दोचं अंडं खिमेनाने परत ठेवलं होतं; पुढे घरट्यात एक पिल्लू कलांद्रियाचं निघालं आणि एक तोर्दोचं. कलांद्रिया दोघांना भरवायची, तोर्दोचं जास्त ओरडायचं. एवारिस्तो आता काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो, माते नावाचा कडू चहा पितो आणि पावात मीठ कमी असल्याचं गिऱ्हाइकांना सांगतो.