कुलपासकट पेटी

देवदत्तला संस्थेत सगळे रूटसाहेब म्हणत आणि त्याला ते मनापासून आवडे. रूट म्हणजे सर्व्हरवरचा सर्वाधिकारी: कुणाचंही फोल्डर उघडावं, कुणाचाही पासवर्ड बदलावा, विचारणारं कुणी नाही. सोलापूरच्या त्या ज्वारी संशोधन संस्थेत माणसं चाळीस, सर्व्हर एक, आणि त्यावर देवदत्त एकटा. संचालक कमलाकर सरांनासुद्धा फाइल सापडेनाशी झाली की त्याच्याच टेबलाशी यावं लागे. माणूस तसा वाईट नव्हता. फक्त आपल्याला कुणी नाही म्हणू शकतं, हे तो पार विसरून गेला होता.

ही आठवण त्याला सिद्धेश्वरीनं करून दिली. सिद्धेश्वरी वळसंग गावची, संस्थेतली संशोधक. मंगळवेढ्याच्या शिवारात केराबाई नावाच्या म्हातारीनं सासूच्या सासूपासूनचं एक बियाणं जपलं होतं, पाऊस पडो न पडो, कणीस भरणारं. अकरा वर्षं सिद्धेश्वरी त्या ज्वारीची मोजमापं घेत होती. दाणे किती, मुळं किती खोल, जमिनीत ओल किती. त्या वाणाची सरकारदरबारी नोंद केराबाईच्या नावावर व्हावी, एवढाच तिचा हट्ट. कमलाकर सरांना ती संस्थेच्या नावावर हवी होती, आणि संस्था म्हणजे कोण, हे त्यांना कधी विचारावं लागलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी सरांनी देवदत्तला केबिनमध्ये बोलावलं आणि चहा पिता पिता सांगितलं, त्या बाईंचं फोल्डर जरा मला द्या. देवदत्तनं ते पेन ड्राइव्हवर घालून दिलं. तिला विचारलं नाही, नंतर सांगितलंही नाही. त्या जानेवारीत हुरड्याला पाहुणे जमले, तेव्हा सर भर शेतात तिचे आकडे स्वतःचे म्हणून वाचून दाखवू लागले. सिद्धेश्वरीनं सरांकडे पाहिलंच नाही. तिनं पाहिलं देवदत्तकडे, आणि हा बहाद्दर शेंगाचटणीत मान घालून हुरडा खात राहिला.

पुढच्याच आठवड्यात तिनं आपलं काम कुलपात घातलं. सर्व्हरच्या डिस्कवर तिनं एक बंद पेटी केली आणि ती स्वतःच्या नावानं माउंट केली, म्हणजे आपल्या खात्याला जोडून घेतली. पासवर्ड टाकला की पेटीतलं सामान एका फोल्डरात दिसायचं, पण फक्त तिला. कर्नल म्हणून यंत्राच्या गाभ्यात जो कारभारी बसलेला असतो, त्याचा इथे एक नियम आहे. वापरकर्त्यानं स्वतः माउंट केलेल्या अशा फोल्डरात दुसऱ्या कुणाला प्रवेश नाही, अगदी रूटलाही नाही. माउंट करणाऱ्यानं 'रूटला येऊ द्या' असं स्वतः लिहून दिलं तरच दार उघडतं. तिनं ते लिहिलं नव्हतं.

रोज दुपारी बॅकअप चाले आणि रोज त्याच्या शेवटी एक ओळ येई: परवानगी नाकारली. देवदत्तनं स्वतः आत डोकावून पाहिलं तर मालक, आकार, तारीख, सगळ्यांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. तिच्या खात्याचं सोंग घेऊन शिरता आलं असतं, पण त्याची नोंद मागे राहिली असती. पंधरा वर्षांत पहिल्यांदा यंत्र त्याला बाहेर उभं करत होतं, आणि तेही एका बाईच्या शब्दाखातर. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तो तिच्याकडे गेला आणि बॅकअपसाठी परवानगी द्या म्हणाला. ती शांतपणे म्हणाली, "आतलं कशाला पाहिजे तुमाला? पेटी हाय की डिस्कवर. कुलपासकट उचला. न उघडताही उचलता येते न्हवं?"

येत होती. पेटीच्या फाइली साध्या फाइली होत्या. रूटला त्या वाचायला कुणाची आडकाठी नव्हती. आतलं कळलं नसतं इतकंच. अडलं होतं ते फक्त उघड्या फोल्डरापाशी. देवदत्तला हे तिच्याआधी ठाऊक होतं, आणि तिनं ते त्याला शिकवावं हे जास्तच झोंबलं. बरं म्हणून तो परत आला. रोजची ती ओळ बंद करायला बॅकअपच्या 'वगळा' यादीत त्या एका फोल्डराचं नाव घालणं पुरेसं होतं. त्यानं तिचं अख्खं खातं घातलं, पेटीसकट. चुकून नव्हे. बोट क्षणभर थांबलं होतं, हे त्याला पक्कं आठवतं. सांभाळ म्हणावं तुझं तूच, असं काहीतरी तो पुटपुटलासुद्धा.

तीन वर्षं काही झालं नाही. गेल्या एप्रिलात सोलापूर भट्टीसारखं तापलं, सर्व्हरच्या खोलीतला एसी बंद पडला आणि एकाच दुपारी दोन्ही डिस्क गेल्या, सगळ्यांच्या कामासकट. बॅकअपमधून चाळीसपैकी एकोणचाळीस जणांचं काम परत आलं. सिद्धेश्वरीच्या नावापुढे काहीच नव्हतं.

सरांनी बैठक घेतली. देवदत्तनं तीन वर्षांपूर्वीचे कागद छापून आणले होते, प्रत्येकावर तीच ओळ: परवानगी नाकारली. सरांनी ती मोठ्यानं वाचली. सगळ्यांच्या माना सिद्धेश्वरीकडे वळल्या.

"मी पेटी उचला म्हणाले होते," ती म्हणाली. "तिला कुठं परवानगी लागत होती?"

खोलीत हा प्रश्न समजणारी माणसं दोनच होती. देवदत्त कागदावर बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, कर्नलनंच नाकारलं. माझ्या हातात काय होतं?"

तिनं कागद पुढे ओढून ती ओळ पुन्हा वाचली. स्वतःच्याच समजुतीवरचा तिचा विश्वास उडत चालला आहे, हे त्याला समोर दिसत होतं. त्यानं ते थांबवलं नाही.

"परत मोजता येईल," कुणीतरी धीर द्यायला म्हणालं.

"बी परत पेरता येतं," ती म्हणाली. "दुष्काळाची ती सालं परत कुठनं आणू?"

तेव्हा कमलाकर सर खुर्चीत मागे रेलले. काळजी नको, म्हणाले. पहिल्या आठ वर्षांचं सगळं आपल्याकडे आहे. आहे कसं, हे कुणी विचारलं नाही. मात्र, सर पुढे म्हणाले, आता ती संस्थेची माहिती, तेव्हा वाणाची नोंदही संस्थेच्या नावानं करणं रीतसर होईल. सिद्धेश्वरीपुढे दोनच वाटा होत्या: केराबाईची ज्वारी संस्थेच्या नावावर टिकवायची किंवा तिचा मागमूसही राहू द्यायचा नाही. तिनं सही केली. केराबाईचं नाव अर्जाच्या शेवटी, 'बियाणे पुरवठादार' म्हणून आलं.

चार दिवसांनी सिद्धेश्वरी देवदत्तच्या टेबलाशी आली. ती भांडायला आली असं वाटून त्यानं छापलेले कागद पुढ्यात ओढले. ती बसलीही नाही.

"नवीन फोल्डर केलंय," ती म्हणाली. "रूटला येऊ द्या म्हणून लिहिलंय त्यात. केराबाईला सगळं सांगून आले. माझीच चूक, म्हटलं. तुमच्यावर विनाकारण संशय घेतला मी. मनात ठेवू नका."

पेटी 'वगळा' यादीत आपणच घातली होती, एवढं एकच वाक्य देवदत्तला सांगायचं होतं. ती तिथं उभी होती तेवढा वेळ ते बोलता आलं असतं.

"असू द्या, मॅडम," तो म्हणाला. "होतं असं."