दहाची भरती

पेंटरने बंदराच्या कचेरीतून आणलेले भरती-ओहोटीचे कोष्टक तिसऱ्यांदा खिडकीशी नेले, आजच्या तारखेवर बोट ठेवले आणि ओळ हळूहळू वाचली. ओहोटी सकाळी नऊ. भरती दुपारी तीन दहा. म्हणजे दहा वाजता खाजणात पाणी नावालाही नसणार. खाडीच्या फाट्यांत गुडघाभर चिखल आणि वर मिजाशीत फिरणारे खेकडे. आणि वहिनीने तर काल फोनवर स्वच्छ सांगितले होते, उद्या दहाची भरती आहे, भाऊजी, लवकर या. ह्यांनी तुम्हालाच बोलवायला सांगितलंय.

दहा कसे, ते त्याला काही केल्या उमगेना.

दुसरा कोणी असता तर सरळ फोन लावून विचारले असते. पण भरतीच्या वेळेवरून दादाला विचारायची पेंटरची छाती नव्हती. नऊ वर्षांपूर्वी दोघे भाऊ होडी घेऊन खाजणात गेले होते. निघायला उशीर झाला, पाणी उतरले, होडी चिखलात बसली आणि पुढची भरती येईपर्यंत दोघे डास मारत बसले. कोष्टक वाचायचे काम पेंटरचे होते. दादा पडला घड्याळजी. याला वेळ कळत नाही, असे तो म्हणाला आणि ते नातेवाइकांत घरोघरी पोचले. पेंटरला वेळ विचारू नका, हा विनोदच होऊन बसला. दादाने मात्र त्यानंतर त्याला एकदाही मासे धरायला नेले नाही. पेंटरला ते फार लागले होते. विनोदावर तो हसायचा, एवढेच.

तेव्हा दादा दहा म्हणतो तर दहा. छापणाऱ्याची चूक असेल. पेंटरने गंजलेले तीन गळ काढून टाकले, नवे बांधले, दोऱ्यात शिशाची वजने ओवली. आमिषाची कोळंबी बर्फाच्या डब्यात घातली. गमबुटांचे दोन जोड धुतले. चिखलात मासे रांगत येणार आहेत का, असे बायकोने विचारले. त्याने बर्फाच्या डब्याचे झाकण घट्ट लावले.

साडेसातला तो दादाच्या दारात उभा राहिला, पायांत गमबूट, खांद्यावर दोन काठ्या आणि हातात जेवणाचा डबा. दादा खुर्चीत बसला होता, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. चिखलात जायला पांढरा शर्ट? वहिनी पिशवीत टॉवेल, चादर, साबण भरत होती. एका दिवसासाठी चादर कशाला, हेही पेंटरला कळेना. पण आज आपण काही विचारायचे नाही, असे ठरवूनच तो आला होता.

"डबा मी आणलाय दोघांपुरता," तो म्हणाला.

"ह्यांना नका देऊ काही. रिकाम्या पोटीच यायला सांगितलंय," वहिनी म्हणाली आणि वळून बघते तो काठ्या. ती बघतच राहिली. मग पेंटरच्या जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "भाऊजी, अहो, दवाखान्यात भरती. दहाला."

कामगार भरतीच्या, पोलीस भरतीच्या पाट्या रंगवण्यात ज्याची अर्धी हयात गेली, त्याला भरती म्हटल्यावर पाणीच दिसले होते. वहिनीने बाकीचे थोडक्यात सांगितले. हृदयाच्या दोन नळ्या बंद आहेत, आज तपासण्या, उद्या ऑपरेशन. महिन्यापासून ठरले होते, पण दादाने कोणाला कळू दिले नव्हते.

दादाची काळजी एकीकडे, आणि पुन्हा वेळेचाच घोटाळा केला ही शरम दुसरीकडे. त्यातले आधी काय वाटून घ्यावे, हेच पेंटरला समजेना. काठ्या लपवायला जागा सापडेना म्हणून तो त्या दाराआड ठेवायला गेला.

"थांब," दादा म्हणाला. "कोष्टकात किती आहे?"

"तीन दहा."

"म्हणजे दहाला तिथे चिखल असणार, हे तुला माहीत होतं."

"होतं."

"मग आलास कसा?"

"तू बोलावलंस म्हणून."

दादाने त्याच्या गमबुटांकडे बघितले. वहिनीने पिशवीची चेन लावली, पुन्हा उघडली, पुन्हा लावली.

"त्या वेळी पण तू बरोबर वाचलं होतंस," दादा म्हणाला. "माझं घड्याळ मागे पडलं होतं. पाऊण तास. दुसऱ्या दिवशी दुकानात उघडलं तेव्हा कळलं."

पेंटरने हातातला डबा खाली ठेवला.

"घड्याळजीचंच घड्याळ मागे, हे लोकांना कसं सांगणार? आज सांगू, उद्या सांगू, करत राहिलो. तिथे आत नेल्यावर सांगायला मिळालं नाही तर, म्हणून तुला बोलावलं. भीती वाटते रे मला."

पेंटरला राग आला. नऊ वर्षांचा होता, चांगला दणदणीत यायला हवा होता, पण समोर पांढऱ्या शर्टातला हा माणूस एवढासा होऊन बसला होता. रागाचे काय करावे ते त्याला सुचेना. त्याने काठ्या भिंतीला टेकवल्या, गमबूट उतरवले आणि वहिनीच्या हातातली पिशवी घेतली.

वहिनी पदराने डोळे टिपून दादाला म्हणाली, "किती वाजता निघायचं आपण?"

दादा शर्टाची बाही सारखी करत होता. त्याने मान वर केली नाही.

"त्याला विचार," तो म्हणाला.